फुटबॉलला जाऊ द्या, बाकीचे खेळ घरी आणा

ही विनंती कॅलिफोर्निया, ओरेगन आणि वॉशिंग्टन या तीन राज्यांतल्या मराठी घरांना आहे. ज्यांची मुलं बर्कलीला, यूसीएलएला, कॉर्व्हॅलिसला किंवा पुलमनला शिकतात, ज्यांनी स्वतः तिथून पदवी घेतली, जे या राज्यांत कर भरतात आणि ज्यांच्या घरातलं एखादं पोर पहाटे उठून पोहायच्या सरावाला जातं, अशा सगळ्यांना. पश्चिम किनाऱ्यावरच्या विद्यापीठांतले पोहणं, जिम्नॅस्टिक्स, व्हॉलीबॉल, टेनिस, रोइंग, ॲथलेटिक्स हे खेळ आज धोक्यात आहेत. त्यात खेळणाऱ्या मुलामुलींचा काहीही दोष नाही. अमेरिकन फुटबॉलच्या टीव्ही करारांसाठी विद्यापीठांनी बिऱ्हाड हलवलं आणि हलवण्याचा खर्च या खेळांच्या माथी आला. हे खेळ अजून वाचवता येतात. त्यासाठी आपल्याला आत्ता बोलावं लागेल.

आधी व्यवस्था समजून घेऊ. इथल्या विद्यापीठांचे क्रीडासंघ कॉन्फरन्समध्ये खेळतात. आसपासची विद्यापीठं एकत्र येतात, वर्षाचं वेळापत्रक आखतात, आपापसांत सामने खेळतात, आणि त्या सामन्यांचे प्रक्षेपण हक्क एकत्रितपणे विकून आलेला पैसा वाटून घेतात. पश्चिम किनाऱ्याची कॉन्फरन्स 2 डिसेंबर 1915 रोजी पोर्टलंडमध्ये स्थापन झाली. बर्कली, वॉशिंग्टन, ओरेगन आणि आजचं ओरेगन स्टेट हे तिचे चार संस्थापक. पुढे वॉशिंग्टन स्टेट आलं, स्टॅनफर्ड आलं, लॉस एंजेलिसची दोन मोठी विद्यापीठं आली आणि वाढत वाढत ती पॅक-12 झाली. राष्ट्रीय पातळीवरची 500 हून अधिक सांघिक विजेतेपदं या एका कॉन्फरन्सच्या नावावर जमा झाली. त्यातली बरीचशी अशा खेळांतली, ज्यांचे सामने टीव्हीवर फारसे कुणी विकत घेत नाही.

ही कॉन्फरन्स जवळजवळ एका वर्षात विस्कटली. 30 जून 2022 रोजी लॉस एंजेलिसच्या यूएससी आणि यूसीएलए यांनी आपण बिग टेनमध्ये जात असल्याचं जाहीर केलं. बिग टेन ही मूळची मध्यपश्चिमेतली कॉन्फरन्स. त्याच ऑगस्टमध्ये तिने फॉक्स, सीबीएस आणि एनबीसी यांच्याशी सात वर्षांसाठी 700 कोटी डॉलरहून मोठा करार केला. लॉस एंजेलिसची बाजारपेठ गेल्यावर पॅक-12 च्या हक्कांना तसा भाव मिळेना. 2023 च्या उन्हाळ्यात तिच्या हातात उरला तो ॲपलचा प्रस्ताव, आणि त्यातली रक्कम बऱ्याच अंशी किती लोक वर्गणी भरतील यावर अवलंबून होती. जुलैच्या अखेरीस कोलोरॅडो निघालं. 4 ऑगस्टला एका दिवसात पाच विद्यापीठं गेली. ओरेगन आणि वॉशिंग्टन बिग टेनमध्ये, ॲरिझोना, ॲरिझोना स्टेट आणि युटा बिग 12 मध्ये. 1 सप्टेंबरला बर्कली आणि स्टॅनफर्ड यांना अटलांटिक किनाऱ्याच्या एसीसीने घेतलं. मागे राहिली वॉशिंग्टन स्टेट आणि ओरेगन स्टेट ही दोनच.

यामागचा हिशोब वरवर पाहता बिनतोड वाटतो. 2022-23 मध्ये पॅक-12 ने प्रत्येक सदस्याला सुमारे 3 कोटी 36 लाख डॉलर वाटले. पूर्ण वाटा असलेल्या बिग टेन सदस्याला पुढच्या वर्षी सुमारे 6 कोटी 32 लाख मिळाले. जवळजवळ दुप्पट! कोणत्या कुलगुरूला मोह होणार नाही?

पण दुप्पट पैसा सगळ्यांना मिळालाच नाही. ओरेगन आणि वॉशिंग्टन यांना बिग टेनने जवळपास निम्म्या वाट्यावर घेतलं. बर्कली आणि स्टॅनफर्ड यांनी तर एसीसीच्या टीव्ही उत्पन्नातला पूर्ण वाट्याच्या फक्त 30 टक्के हिस्सा मान्य केला, तोही सात वर्षांसाठी. डॅलसच्या एसएमयू विद्यापीठाने त्याच कॉन्फरन्सचं दार उघडावं म्हणून नऊ वर्षं टीव्हीचा पैसा सोडून दिला आणि खड्डा भरायला दात्यांकडून आठवडाभरात 10 कोटी डॉलर उभे केले. बाहेर पडणाऱ्यालाही मोजावं लागतं. मेरीलंडने एसीसी सोडली तेव्हा वाद कोर्टात गेला आणि 2014 मध्ये 3 कोटी 13 लाख डॉलर सोडून तो मिटला. पॅक-12 मधून गेलेल्या दहा विद्यापीठांना मागे राहिलेल्या दोघांसाठी मिळून साडेसहा कोटी डॉलरवर पाणी सोडावं लागलं. ते सहज मिळाले नाहीत. कॉन्फरन्सच्या कारभाराचा हक्क आपला आहे हे त्या दोन विद्यापीठांना वॉशिंग्टन राज्याच्या कोर्टात सिद्ध करावं लागलं.

जो पैसा आला, त्याचं काय झालं हेही पाहा. 2023-24 या आर्थिक वर्षात यूसीएलएच्या क्रीडा विभागाची तूट जवळजवळ 5 कोटी 18 लाख डॉलर होती. हे बिग टेनमध्ये जाण्याआधीचं वर्ष, हे मान्य. पण नवा पैसा येण्याआधीच त्यावर नवे दावेदार उभे होते. डिसेंबर 2022 मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रीजेंट्सनी, म्हणजे नियामक मंडळाने, यूसीएलएच्या स्थलांतराला मान्यता दिली ती अटी घालून. खेळाडूंचा आहार, मानसिक आरोग्य आणि अभ्यासातली मदत यांवर जास्त खर्च करा. आणि तुमच्या जाण्याने बर्कलीचं नुकसान होतंय, तर बर्कलीला भरपाई द्या. 2024 मध्ये ही भरपाई वर्षाला 1 कोटी डॉलर, तीन वर्षांसाठी, अशी ठरली. म्हणजे एकाच सार्वजनिक विद्यापीठाची एक शाखा दुसऱ्या शाखेला पैसे देते, कारण तिच्या निर्णयाने त्या शाखेचं उत्पन्न बुडालं. दोन्हींचे मालक तेच, कॅलिफोर्नियाचे नागरिक. एका खिशातून काढून दुसऱ्या खिशात घालायचे, आणि मधल्या मधे विमानांचं भाडं वाढलेलं.

ते भाडं साधं नाही. लॉस एंजेलिसहून बिग टेनमधल्या, न्यू जर्सीतल्या रटगर्सपर्यंत हवाई अंतर जवळजवळ चार हजार किलोमीटर आहे. काश्मीर ते कन्याकुमारी हे अंतरही त्याहून कमी भरेल. बर्कलीहून एसीसीतलं बॉस्टन किंवा मायामी याहूनही लांब. फुटबॉलचा संघ आठवड्यातून एकदा खेळतो, खास विमानाने जातो, आणि हंगामातले परक्या मैदानावरचे त्याचे सामने हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असतात. व्हॉलीबॉल, सॉकर, सॉफ्टबॉल, बेसबॉल आणि टेनिस यांचं तसं नाही. त्यांना पुनःपुन्हा जावं लागतं. गुरुवारी निघायचं, तीन तासांचा वेळफरक ओलांडायचा, दोन सामने खेळायचे, रविवारी रात्री परतायचं आणि सोमवारी सकाळी रसायनशास्त्राच्या वर्गात बसायचं. पोहणं, गोल्फ, रोइंग अशा खेळांत बहुतेक स्पर्धा एका ठिकाणी एकत्र भरतात, त्यामुळे त्यांना प्रवासाची झळ कमी बसते. अर्थसंकल्पाची झळ मात्र कुणालाच चुकत नाही.

आता त्यात आणखी एक खर्च वाढला आहे. 6 जून 2025 रोजी न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी विद्यापीठ खेळाडूंच्या मोबदल्याबद्दलच्या हाउस खटल्यातली तडजोड मंजूर केली. आजी-माजी खेळाडूंना दहा वर्षांत सुमारे 280 कोटी डॉलर मिळायचे आहेत, आणि 2025-26 पासून प्रत्येक विद्यापीठ खेळाडूंना थेट मोबदला देऊ शकतं, त्या पहिल्या वर्षासाठी 2 कोटी 5 लाख डॉलरपर्यंत. खेळाडूंना त्यांच्या कष्टाचा मोबदला मिळायलाच हवा. तो फार आधी मिळायला हवा होता. पण ज्यांनी आपली वाटणी जाहीर केली आहे, त्यांच्यात या रकमेचा सुमारे तीन चतुर्थांश भाग फुटबॉलला जाताना दिसतो. उत्पन्न वाढलं तरी फुटबॉलची भूक त्याहून वेगाने वाढते, आणि जिथून कापता येईल तिथून कापलं जातं.

कापायला सुरुवात झालेली आहे. मार्च 2025 मध्ये सॅन लुइस ओबिस्पोच्या कॅल पॉलीने पुरुष आणि महिला दोन्हींचे जलतरण संघ बंद केले. कारणांत हाउस तडजोडीचा बोजा स्पष्ट सांगितला गेला. जूनमध्ये वॉशिंग्टन स्टेटने ॲथलेटिक्समधल्या उड्या आणि फेकीच्या स्पर्धा बंद केल्या, कमी अंतराच्या शर्यतींना कात्री लावली आणि लांब पल्ल्याच्या धावण्यापुरता संघ ठेवला. ज्या विद्यापीठाला त्याचे शेजारी सोडून गेले, तिथल्या उंच उडी मारणाऱ्या मुलीने आणि भालाफेक करणाऱ्या मुलाने त्याची किंमत चुकवली.

मग कुणी म्हणतं, थोडा धीर धरा, मोठ्या कॉन्फरन्सचा पैसा एकदा नीट यायला लागला की बंद झालेले खेळ परत सुरू होतील. त्यांना मेरीलंडचं उदाहरण ऐकवा. 2012 मध्ये तूट वाढली म्हणून त्या विद्यापीठाने सात संघ बंद केले. त्यात पुरुष आणि महिला जलतरण होतं, पुरुषांचं टेनिस होतं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये बिग टेनमध्ये जाण्याची घोषणा झाली, आणि नव्या पैशातून बंद केलेले काही संघ पुन्हा उभे करता येतील अशी आशा विद्यापीठाच्या अध्यक्षांनी दाखवली. 2014 पासून मेरीलंड बिग टेनमध्ये आहे. तिथले जलतरण संघ आजतागायत परतलेले नाहीत. एकदा तलाव रिकामा झाला, प्रशिक्षक गेला, शिष्यवृत्त्या दुसरीकडे वळल्या, की खेळ परत येत नाही. म्हणून ओरडायचं ते बंद होण्याआधी.

आपण काय गमावू शकतो याची कल्पना यावी म्हणून काही नावं सांगतो. आर्थर ॲश 1965 मध्ये यूसीएलएकडून विद्यापीठ टेनिसचा राष्ट्रीय विजेता झाला. जॅकी जॉयनर-कर्सी यूसीएलएची, हेप्टॅथलॉनमध्ये 1988 आणि 1992 ची ऑलिंपिक सुवर्णविजेती. नॅटली कॉफलिन बर्कलीची, तिच्या नावावर बारा ऑलिंपिक पदकं. केटी लेडेकी स्टॅनफर्डची. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये एकट्या स्टॅनफर्डशी संबंधित खेळाडूंनी 39 पदकं मिळवली. कित्येक देशांच्या पदकतालिका त्याहून लहान असतात. आणि 1984 चं ऑलिंपिक सांघिक सुवर्णपदक जिंकणाऱ्या अमेरिकन पुरुष जिम्नॅस्टिक्स संघात पीटर विडमर, मिच गेलर्ड आणि टिम डॅगेट हे तिघे यूसीएलएचे होते. दहा वर्षांनी, 1994 मध्ये, यूसीएलएने पुरुष जिम्नॅस्टिक्स आणि पुरुष जलतरण हे दोन्ही संघ बंद केले. ऑलिंपिक सुवर्णसुद्धा संघाला वाचवू शकलं नाही. आपलं मौन तर नक्कीच वाचवणार नाही.

यात आपला, मराठी माणसांचा काय संबंध, असं विचारणारेही भेटतात. पुण्याची ऋतुजा भोसले टेक्सस ए अँड एम विद्यापीठाकडून टेनिस खेळली आणि पुढे 2023 च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत रोहन बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचं सुवर्णपदक घेऊन आली. सोमदेव देववर्मन व्हर्जिनियाकडून 2007 आणि 2008 असं सलग दोनदा विद्यापीठ टेनिसचं एकेरीचं विजेतेपद जिंकला. भारतातल्या खेळाडूला शिक्षण आणि खेळ एकत्र देणारा हा जगातला एक फार मोठा मार्ग आहे. इथे जन्मलेल्या आपल्या मुलांचं तर बोलायलाच नको. आपली मुलं फुटबॉलच्या संघात क्वचितच दिसतात. ती दिसतात टेनिस कोर्टवर, जलतरण तलावात, फेन्सिंग आणि वॉटर पोलोच्या क्लबांत. म्हणजे नेमक्या त्याच खेळांत, ज्यांच्यावर कात्री फिरते. हा प्रश्न आपल्या उंबरठ्यावर येऊन उभा आहे.

मला माहीत आहे, यावर एक उत्तर ठरलेलं आहे. फुटबॉलच्या पैशावरच हे खेळ चालतात, त्याला हात लावला तर सगळंच बुडेल. उत्तरात तथ्य आहे आणि ते मी मान्य करतो. म्हणूनच आपण फुटबॉल परत मागत नाही. फुटबॉलने बिग टेनमध्ये खेळावं, एसीसीमध्ये खेळावं, टीव्हीवाले जिथे बोलावतील तिथे जावं. मागणी एवढीच की फुटबॉलच्या करारात बाकीच्या वीस-बावीस खेळांना बांधून नेऊ नका. त्यांना पश्चिम किनाऱ्यावरच्या प्रादेशिक साखळीत खेळू द्या. प्रवासाचा खर्च खाली येईल, मुलं वर्गात बसतील, आणि आईवडील गाडी चालवत सामना बघायला जाऊ शकतील.

हे स्वप्नरंजन नाही, कारण असं चालू आहे. नॉत्र दाम विद्यापीठ फुटबॉल कोणत्याही कॉन्फरन्सशिवाय खेळतं आणि 2013 पासून त्याचे बहुतेक बाकीचे खेळ एसीसीमध्ये आहेत. पश्चिमेतल्या विद्यापीठांनी 1992 मध्ये माउंटन पॅसिफिक स्पोर्ट्स फेडरेशन उभं केलं. पुरुष व्हॉलीबॉल आणि वॉटर पोलो आजही त्यात खेळले जातात. यूसीएलएच्या पुरुष व्हॉलीबॉल संघाने त्यातच खेळून 2023 आणि 2024 ची राष्ट्रीय विजेतेपदं जिंकली. ओरेगन स्टेटचा बेसबॉल संघ 2025 मध्ये कुठल्याही कॉन्फरन्सविना खेळला आणि ओमाहाच्या कॉलेज वर्ल्ड सिरीजपर्यंत पोहोचला. शिवाय पॅक-12 मेलेली नाही. मागे राहिलेल्या दोघांनी बॉयसी स्टेट, फ्रेझ्नो स्टेट, सॅन डिएगो स्टेट, कोलोरॅडो स्टेट, युटा स्टेट, गोन्झागा आणि टेक्सस स्टेट यांना सोबत घेऊन 1 जुलै 2026 ही नव्या सुरुवातीची तारीख ठरवली. पश्चिमेत प्रादेशिक साखळीचा सांगाडा तयार आहे. लागते ती फक्त कुलगुरू आणि रीजेंट्स यांची इच्छाशक्ती. कॉन्फरन्सचे नियम आड येत असतील तर ते माणसांनी केलेले आहेत आणि माणसांनाच बदलता येतात.

म्हणून आपल्या तीन मागण्या आहेत.

पहिली, फुटबॉलचा जमाखर्च स्वतंत्र दाखवा. कॉन्फरन्स बदलल्यामुळे किती आले, त्यातले किती प्रवासावर गेले, किती प्रशिक्षकांच्या करारांवर, किती जुन्या तुटीवर आणि किती प्रत्येक खेळाच्या वाट्याला आले, हे दरवर्षी साध्या भाषेत जाहीर करा. बर्कली आणि यूसीएलए ही सार्वजनिक विद्यापीठं आहेत. त्यांचे आर्थिक अहवाल राज्याच्या सार्वजनिक नोंदींच्या कायद्याखाली कोणीही मागू शकतो.

दुसरी, व्हॉलीबॉल, सॉकर, सॉफ्टबॉल, बेसबॉल आणि टेनिस यांचं वेळापत्रक प्रादेशिक करा. आधी एक खेळ घ्या, एक हंगाम करून पाहा आणि खर्च मोजा.

तिसरी, कोणताही संघ बंद करण्याआधी किमान एक वर्षाची पूर्वसूचना द्या आणि त्या संघाच्या माजी खेळाडूंना निधी उभा करण्याची संधी द्या. रात्रीतून ईमेल पाठवून वीस वर्षांच्या मुलीचं करिअर संपवू नका.

या मागण्यांनी काही होईल का? होतं. बर्कलीने सप्टेंबर 2010 मध्ये बेसबॉल, महिला लॅक्रॉस आणि पुरुष व महिला जिम्नॅस्टिक्स हे चार संघ बंद करायचं आणि रग्बीचा दर्जा खाली आणायचं ठरवलं होतं. माजी विद्यार्थी उभे राहिले. एकट्या बेसबॉलसाठी 90 लाख डॉलरहून अधिक रकमेची वचनं गोळा झाली आणि काही महिन्यांत पाचही संघ वाचले. तोच बेसबॉल संघ जून 2011 मध्ये कॉलेज वर्ल्ड सिरीजला पोहोचला. स्टॅनफर्डने जुलै 2020 मध्ये 36 पैकी 11 खेळ बंद करण्याची घोषणा केली. माजी खेळाडूंनी ‘36 स्पोर्ट्स स्ट्राँग’ ही मोहीम काढली, देणग्या जमवल्या, खेळाडू कोर्टात गेले. कुस्तीपटू शेन ग्रिफिथने मार्च 2021 मध्ये राष्ट्रीय विजेतेपद जिंकलं ते विद्यापीठाचं नाव नसलेला साधा काळा पोशाख घालून. त्याच मे महिन्यात स्टॅनफर्डने निर्णय मागे घेतला. अकराच्या अकरा खेळ वाचले. लोकांनी आवाज केला म्हणून वाचले.

आपल्याला संघटित होता येत नाही असं कुणी म्हणू नये. 2024 च्या जूनअखेरीस सॅन होजेत बृहन्महाराष्ट्र मंडळाचं अधिवेशन भरलं, त्यामागे किती हात राबले ते तिथे गेलेल्या प्रत्येकाने पाहिलं आहे. त्या शक्तीचा लहानसा अंशही इथे पुरेल.

तर कामाला लागू या. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रीजेंट्सच्या बैठकीत नागरिकांना बोलायला वेळ दिलेला असतो. त्यांची पुढची तारीख शोधा, नाव नोंदवा, बोला. बोलता येत नसेल तर लिहा. पत्र अर्ध्या पानाचं असलं तरी चालेल, पण त्यात खेळाचं नाव आणि मागणी स्पष्ट असू द्या. तुम्ही माजी विद्यार्थी असाल आणि देणगी देणार असाल, तर ती विशिष्ट खेळाच्या कायम निधीला द्या आणि तसं लेखी घ्या. सिॲटल आणि पोर्टलंडच्या मंडळींनी वॉशिंग्टन स्टेट आणि ओरेगन स्टेट यांच्या पाठीशी उभं राहावं. ती दोन विद्यापीठं सगळ्यांनी सोडल्यावरही मैदानात टिकली आहेत. आणि सगळ्यात सोपी गोष्ट, सामन्यांना जा. बर्कलीच्या हास पॅव्हेलियनमध्ये महिलांचं व्हॉलीबॉल बघा, लॉस एंजेलिसच्या पॉली पॅव्हेलियनमध्ये जिम्नॅस्टिक्स बघा. मुलांना न्या, शेजाऱ्यांना न्या. भरलेल्या बाकांसमोर संघ बंद करणं कोणत्याही अधिकाऱ्याला जड जातं.

टीव्हीचे करार दर काही वर्षांनी संपतात आणि पुन्हा होतात. पुढचा करार होईल तेव्हा टेबलाशी प्रक्षेपण कंपन्या असतील, वकील असतील, कॉन्फरन्सचे आयुक्त असतील. तिथे पोहणाऱ्या मुलीची आणि टेनिस खेळणाऱ्या मुलाची बाजू मांडणारं कुणीतरी असलं पाहिजे, आणि ते आपण असलो पाहिजे. या विद्यापीठांनी आपल्याला या देशात उभं केलं. आता त्यांच्या मैदानांसाठी आपण उभं राहू या. पहिलं पत्र या आठवड्यात जाऊ द्या.